अवतरणचिन्हे

दुसऱ्याचे बोलणे किंवा लिहिणे त्याच्याच शब्दांत उतरून घेतले आहे, हे दाखविण्यासाठी त्या शब्दांच्या आरंभी व अखेरीस जी चिन्हे देतात, त्यांस अवतरणचिन्हे म्हणतात. एकेरी (‘ ’) व दुहेरी (“ ”) असे त्यांचे दोन प्रकार आहेत. स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम ही चिन्हे वाक्यातील विसाव्याच्या जागा दाखवितात व वाचताना ती आवाजात उतरतात. अवतरणचिन्हाचे कार्य निराळे आहे. अमुक शब्दांची जबाबदारी लेखकाची नसून दुसऱ्याची आहे, ती या ठिकाणी सुरू होते व त्या ठिकाणी संपते, एवढेच ते सांगते. त्यामुळे ही दोन प्रकारची चिन्हे एकाच जागी आली, की त्यांपैकी आधी कोणते यावे, हा प्रश्न उपस्थित होतो. इंग्रजीत त्यावर दोन भिन्न संप्रदाय झाले आणि मराठीने चिन्हे घेतली तेव्हा त्यांबरोबर हा वादही काही अंशी घेतला.

अवतरणचिन्हांचा दुसरा उपयोग म्हणजे शब्दाचा निर्देश शब्द म्हणून करणे. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात बोरी नावाचे गाव आहे. बोरी हे काटेरी झाडाचेही नाव आहे. ‘बोरीला पाहुणे आले’ या वाक्यात गाव अभिप्रेत आहे, ‘बोरीला काटे असतात’ या वाक्यात झाड. मात्र ‘बोरी’ला दोन स्वरचिन्हे आहेत असे म्हणावयाचे असेल, तर गाव व झाड दोन्ही बाजूला राहतात आणि विधान केवळ त्या दोन अक्षरांविषयी होते. बोलताना हा भेद संदर्भावरून कळतो. लिहिताना तो चिन्हानेच दाखवावा लागतो.

हा भेद भारतीय व्याकरणकारांना फार पूर्वीपासून ठाऊक होता. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्याच अध्यायात असे ठरवून दिले आहे, की पारिभाषिक संज्ञा वगळता व्याकरणात आलेला शब्द स्वतःच्या रूपाचाच बोध करून देतो, अर्थाचा नव्हे. म्हणजे त्या शास्त्रात प्रत्येक शब्द जणू अवतरणचिन्हांत आहे असे समजावयाचे. जेथे रूपाऐवजी अर्थ घ्यावयाचा असेल, तेथे ‘इति’ हा शब्द योजण्याची सोय आहे. लौकिक संस्कृतात ‘इति’चे कार्य नेमके उलट आहे : त्याच्या आधीचे शब्द कोणाचे तरी उच्चारलेले वा मनात आणलेले शब्द आहेत, असे तो दाखवितो. ‘इति’ची एक मर्यादा लक्षात घेण्याजोगी आहे. अवतरण कोठे संपले ते त्यावरून कळते. कोठे सुरू झाले ते वाचकाने ओळखावयाचे असते. महाभारतासारख्या ग्रंथात ‘अर्जुन उवाच’ यांसारखी वक्त्याची सूचना छंदाबाहेर दिलेली असते, तिने आरंभ कळतो. टीकाग्रंथांत मूळातील पहिला शब्द देऊन त्यापुढे ‘इति’ लिहिण्याची पद्धत पडली.

मराठीत ‘इति’ची जागा ‘असे’, ‘ऐसे’, ‘म्हणून’ या शब्दांनी घेतली. तेही अवतरणाच्या नंतर येतात. शेजारच्या कन्नड व तेलुगू भाषांत ‘म्हणणे’ या अर्थाच्या धातूपासून झालेला शब्द नेमका याच जागी येतो आणि दख्खनी बोलीतील ‘बोल के’ हा प्रयोगही तसाच आहे. ‘परभणीला जातो म्हणून सांगून गेला’ या वाक्यातील ‘म्हणून’ कारण दाखवीत नाही. ते बंद होणारे अवतरणचिन्ह आहे. ‘की’ हा शब्द मात्र अवतरणाच्या आधी येतो. तो फार्सीच्या संपर्काने रूढ झाला असे बहुतेक अभ्यासक मानतात. अशा रीतीने मराठीजवळ उघडणारे आणि मिटणारे, असे दोन्ही शब्द जमा झाले. यांखेरीज ‘म्हणे’ हे एक अव्ययासारखे रूप आहे. ‘तो म्हणे गाव सोडून गेला’ या वाक्यात वक्ता कोण हे सांगितलेलेच नाही. ऐकीव माहिती आहे, बोलणारा तिचा जामीन नाही, एवढाच त्याचा अर्थ. हे काम कोणतेही छापील चिन्ह करू शकत नाही.

जुन्या मराठी ग्रंथांत विरामचिन्हे नव्हती, दंड (।) व दुहेरी दंड (॥) यांपलीकडे पोथीलेखक सहसा जात नसत. तरीही कोणते शब्द कोणाचे, याविषयी ते बेफिकीर होते असे मुळीच नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटाने चक्रधरांच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र रचले, त्यात ‘सर्वज्ञें म्हणितलें’ या सूचनेनंतर येणारे बोल आणि त्याभोवतीचे प्रसंगकथन यांतील सीमारेषा पंथाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची होती, कारण चक्रधरांचे बोल हे शास्त्र होते व बाकीचे केवळ कथन. केशिराजांनी (केसोबासांनी) पुढे यांतूनच चक्रधरांची वचने वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध केला आणि दृष्टांतांचा दृष्टांतपाठ केला. हे काम म्हणजे एका मोठ्या ग्रंथावर मनाने अवतरणचिन्हे घालीत जाणेच होय. महानुभावांनी पाठभेदही जपले. एखाद्या लीळेची वेगळी परंपरा असल्यास ती कोणाची, याची नोंद पोथ्यांत आढळते. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले लीळाचरित्र १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा ग्रंथाच्या आधुनिक संपादकाला पोथीत नसलेली चिन्हे घालताना दर ओळीला निर्णय करावा लागतो आणि चिन्ह चुकीच्या जागी पडल्यास भक्ताचे शब्द गुरूच्या तोंडी जातात.

ज्ञानेश्वरीत (१२९०) हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. धृतराष्ट्राला संजय सांगतो, त्याच्या सांगण्यात कृष्ण व अर्जुन बोलतात, कृष्ण आपल्या बोलण्यात इतरांची मते मांडतो आणि या सर्वांबाहेर ज्ञानेश्वर श्रोत्यांशी व निवृत्तिनाथांशी बोलत असतात. आजच्या रीतीने चिन्हे द्यावयाची तर एकेरीत दुहेरी, त्यात पुन्हा एकेरी अशी अवतरणांची उतरंड लागेल. ग्रंथकाराने ते काम संबोधनांनी व ‘म्हणे’सारख्या शब्दांनी साधले आहे.

अभंगाच्या अखेरीस येणारी ‘नामा म्हणे’, ‘तुका म्हणे’ ही मुद्रिकाही तत्त्वतः अवतरणाचीच खूण आहे. परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे जनाबाईचे गाव मानले जाते. तिच्या अभंगांत ‘जनी म्हणे’ ही मुद्रा येते. मुद्रिकेने कवीचे नाव टिकले, परंतु तिच्यामागे शब्दांची हमी नव्हती. दुसऱ्याने रचलेला अभंगही त्याच मुद्रेने गाता येत असे. सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा याची रचना नामदेवाच्या गाथ्यात मिसळली ती यामुळेच, आणि ती निवडून काढण्याचे काम अभ्यासकांना दीर्घ काळ पुरले.

मोडी पत्रव्यवहारात तर शब्दांमध्ये जागा सोडण्याचीही रीत नव्हती. आधी आडवी रेघ ओढून तिला अक्षरे लटकवीत जावयाचे, ओळ संपेपर्यंत थांबावयाचे नाही. तरी पेशवेकालीन पत्र वाचताना जाणकाराची गफलत होत नाही, याचे कारण ठरीव शब्द. आलेल्या पत्राचा मजकूर देऊन झाला, की ‘म्हणोन लिहिले ते कळले’ असे येते आणि ‘ऐशियास’ या शब्दापासून उत्तर सुरू होते. सनदांमध्ये अर्जदाराचे म्हणणे ‘विदित केले की’ येथे उघडते व ‘म्हणोन’ येथे मिटते. त्या दोन शब्दांमधील मजकूर अर्जदाराचा दावा आहे, सरकारने मान्य केलेली वस्तुस्थिती नव्हे. वतनाच्या तंट्यात ही गोष्ट निर्णायक ठरू शकते. मराठवाड्यात मराठी मोडीत लिहिली जात असतानाच निजामी राज्याचा कारभार उर्दूत चालत असे. उर्दूत पूर्णविरामासाठी आखूड आडवी रेघ देतात व स्वल्पविराम उलटा लिहितात. १७ सप्टेंबर १९४८ पूर्वी या भागात शाळेत गेलेल्या पिढीला त्यामुळे चिन्हांच्या एकाहून अधिक पद्धती ओळखाव्या लागत.

युरोपातील उगम : अवतरणचिन्हाचे मूळ ग्रीक हस्तलिखितांच्या समासात सापडते. अलेक्झांड्रियाचे विद्वान होमरच्या काव्यातील लक्षणीय ओळींपुढे बाणाच्या टोकासारखी ‘दिप्ले’ नावाची खूण करीत. पुढे ख्रिस्ती लेखक धर्मग्रंथातील वचने दाखविण्यास ती वापरू लागले. मुद्रणाच्या आरंभीच्या काळात ही खूण समासातच राहिली. अवतरणाच्या प्रत्येक ओळीपुढे ती छापीत. हळूहळू ती ओळीच्या आत आली आणि अखेरीसही देण्यात येऊ लागली. १६११ च्या इंग्रजी अधिकृत बायबलमध्ये अवतरणचिन्हे मुळीच नाहीत. ती आज आहेत तशी स्थिर होण्यास अठराव्या शतकातील कादंबरीचा मोठा हातभार लागला, कारण त्या वाङ्मयप्रकारात माणसे सतत बोलत असतात. तथापि युरोपात एकवाक्यता झाली नाही. फ्रेंचांनी कोनाकृती चिन्हे (« ») ठेवली, जर्मन भाषेत उघडणारे चिन्ह ओळीच्या तळाशी येते, स्पॅनिश कथेत संवाद आडव्या रेघेने सुरू होतो. जेम्स जॉइस याने इंग्रजीत लिहूनही अवतरणचिन्हे टाकून रेघच पसंत केली.

मराठीतील प्रवेश : मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय मुख्यतः मेजर टॉमस कँडी (१८०४–७७) यांना दिले जाते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या (१८३१) कामात त्यांचा सहभाग होता, १८४७ मध्ये त्यांचा इंग्रजी-मराठी कोश निघाला आणि शिक्षणखात्याचे मराठी भाषांतरकार या नात्याने शालेय पुस्तकांची भाषा त्यांच्या नजरेखालून जात असे. विरामचिन्हांची परिभाषा (१८५०) या पुस्तिकेत त्यांनी इंग्रजी चिन्हे मराठीत कशी योजावीत हे सांगितले. पूर्णविरामासाठी हिंदीने दंड कायम ठेवला, मराठीने इंग्रजी टिंब घेतले. हा फरक आजही दोन्ही भाषांची पाने शेजारी ठेवताच डोळ्यांत भरतो. कँडी यांच्या वळणाच्या मराठीवर पुढे कृत्रिमतेचा आक्षेप पुष्कळ घेण्यात आला, परंतु तो घेणाऱ्यांच्या लेखनातही त्यांनी रुळविलेली चिन्हेच होती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या निबंधमालेतील (१८७४–८१) लांब, पल्लेदार वाक्ये अर्धविराम व अवतरणचिन्हे यांच्या आधारावाचून उभीच राहिली नसती. मो. के. दामले यांच्या शास्त्रीय मराठी व्याकरणाच्या (१९११) काळापर्यंत ही चिन्हे परकी वाटेनाशी झाली होती. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे चौदा नियम केले व १९७२ मध्ये त्यांत चारांची भर घातली. त्यांचा विषय अनुस्वार, ऱ्हस्वदीर्घ इ. असून अवतरणचिन्हांच्या जागेसंबंधी त्यांत नियम नाही. परिणामी या बाबतीत प्रत्येक मुद्रणालयाचा व संपादकाचा शिरस्ता हाच नियम ठरला.

इंग्रजीतील दोन संप्रदाय : अमेरिकन पद्धतीत बाहेरचे अवतरण दुहेरी चिन्हांत व आतले एकेरी चिन्हांत देतात, ब्रिटिश पुस्तकांत सामान्यतः याच्या उलट असते. अधिक महत्त्वाचा भेद स्वल्पविराम व पूर्णविराम यांच्या जागेचा आहे. अमेरिकन पद्धतीत ही दोन चिन्हे, ती मूळ अवतरणाची असोत वा नसोत, मिटणाऱ्या अवतरणचिन्हाच्या आतच घालतात. अर्धविराम व अपूर्णविराम नेहमी बाहेर राहतात. प्रश्नचिन्ह व उद्गारचिन्ह अर्थ पाहून आत किंवा बाहेर जातात. ब्रिटिश पद्धतीत सर्वच चिन्हांना अर्थाची कसोटी लावतात : चिन्ह अवतरणाचे असेल तर आत, भोवतीच्या वाक्याचे असेल तर बाहेर.

अमेरिकन नियमाचे कारण टंकजुळणीत शोधले जाते. टिंब व स्वल्पविराम यांचे खिळे सर्वांत बारीक असल्याने ते ओळीच्या टोकाशी उघडे पडल्यास निसटत वा मोडत, म्हणून ते अवतरणचिन्हाच्या आडोशाला ठेवीत, अशी परंपरागत हकीकत आहे. कारण काहीही असो, जुन्या इंग्रजी छपाईत, इंग्लंडमध्येसुद्धा, हीच रीत प्रचलित होती. एच्. डब्ल्यू. व एफ्. जी. फाउलर या बंधूंनी द किंग्ज इंग्लिश (१९०६) या ग्रंथात अर्थानुसारी मांडणीचा पुरस्कार केला. ऑक्सफर्डच्या मुद्रणालयासाठी होरेस हार्ट याने केलेले नियम १८९३ मध्ये अंतर्गत उपयोगासाठी व १९०४ पासून सर्वांसाठी उपलब्ध झाले. शिकागो विद्यापीठाची नियमपुस्तिका १९०६ मध्ये निघाली आणि अमेरिकन संप्रदाय तिच्यात स्थिर झाला.

हा भेद मराठी उदाहरणानेही दाखविता येतो. ‘बोरी’, ‘जिंतूर’, ‘परभणी’ अशी नावे ओळीने लिहिताना स्वल्पविराम चिन्हांबाहेर पडला आहे. अमेरिकन पद्धतीने तो प्रत्येक नावाच्या आत गेला असता, जणू तो नावाचाच भाग आहे. कायद्याचे कलम, शिलालेखाचा पाठ किंवा संगणकाला द्यावयाची आज्ञा उद्धृत करताना ही गोष्ट केवळ शोभेची राहत नाही. तेथे एका टिंबाने मजकूर बदलतो, म्हणून अमेरिकेतही अशा लेखनात अर्थानुसारी पद्धतीकडे ओढा दिसतो. भारतीय विद्यार्थ्याची अडचण अशी, की त्याच्या शाळेतील इंग्रजी ब्रिटिश वळणाचे असते आणि पुढे हाती येणारी शास्त्रीय पुस्तके बहुधा अमेरिकन असतात. दोन्ही पद्धती शुद्ध आहेत. एकाच लेखात त्यांची सरमिसळ मात्र अशुद्ध होय.

संवादाच्या बाबतीत दोन्ही संप्रदाय जवळजवळ एकच आहेत. वक्त्याचे वाक्य संपण्यापूर्वी ‘तो म्हणाला’ असे शब्द आले, तर त्याआधीचा स्वल्पविराम चिन्हाच्या आत घेतात. प्रश्नासंबंधीचा नियमही समान आहे. “तू बोरीला कधी जाणार?” असे त्याने विचारले, येथे प्रश्न अवतरणातला आहे, म्हणून प्रश्नचिन्ह आत. तो खरेच “मी जाणार नाही” असे म्हणाला का? येथे प्रश्न लेखकाचा आहे, म्हणून ते बाहेर. अवतरणही प्रश्नार्थक व भोवतीचे वाक्यही प्रश्नार्थक असेल, तर एकच चिन्ह पुरते. त्याचप्रमाणे अवतरण पूर्णविरामाने संपले व तेथेच मुख्य वाक्यही संपले, तर बाहेर दुसरे टिंब देत नाहीत. अवतरण अनेक परिच्छेदांचे असल्यास प्रत्येक परिच्छेदाच्या आरंभी उघडणारे चिन्ह देतात, पण मिटणारे फक्त शेवटच्या परिच्छेदाच्या अखेरीस. समासातल्या जुन्या खुणेचा हा अवशेष होय. पद्याचा किंवा गद्याचा मोठा उतारा समास वाढवून वेगळा छापला असेल, तर त्यास चिन्हे लागत नाहीत.

मराठीतील विशेष प्रश्न : मराठी शालेय व्याकरणात सांगितले जाते, की बोलणाऱ्याच्या तोंडचे शब्द दुहेरी चिन्हांत द्यावेत आणि ज्या शब्दाकडे लक्ष वेधावयाचे तो किंवा दुसऱ्याचे मत एकेरी चिन्हांत द्यावे. ही विभागणी सोयीची आहे व ती पाळावी. जोर देण्यासाठी चिन्हे वापरण्याची सवय मात्र धोक्याची आहे, कारण चिन्हांतील शब्द लेखकाने स्वतः पत्करलेला नाही असाही वाचकाचा समज होतो. ‘सुधारक’ असे चिन्हांत लिहिलेला सुधारक बहुधा तथाकथित सुधारक असतो. दुकानाच्या पाटीवर ‘ताजे’ दूध असे लिहिणारा दुकानदार आपल्याच मालाविषयी शंका निर्माण करतो.

मराठीची खरी अडचण वाक्यरचनेत आहे. इंग्रजीत परोक्ष कथनात सर्वनाम व क्रियापदाचा काळ दोन्ही बदलतात, त्यामुळे अवतरण आहे की सारांश, हे चिन्हांवाचूनही कळते. मराठीत तसे होत नाही. ‘राम म्हणाला की मी चुकलो’ या वाक्यात चुकलेला सामान्यतः राम समजला जातो. परंतु रामाने मला दोष दिला, असे सांगणाराही हेच वाक्य बोलू शकतो. ‘राम म्हणाला की आपण चुकलो’ येथे अर्थ तीन होतात : राम स्वतः, राम व ऐकणारे मिळून सर्व, किंवा ज्याच्याशी आदराने बोलणे चालले आहे तो. बोलण्यात सूर व हातवारे मदतीला येतात. कागदावर “मी चुकलो” असे राम म्हणाला, अशी मांडणी केली तर शंका उरत नाही. म्हणून ‘की’ने सुरू होणाऱ्या परोक्ष कथनाला चिन्हे देऊ नयेत व नेमके शब्द द्यावयाचे असतील तर ‘की’ गाळून स्वल्पविरामानंतर चिन्हे उघडावीत, ही रीत उत्तम. ‘की’ आणि अवतरणचिन्हे दोन्ही देणे म्हणजे एकच दार दोनदा उघडणे होय. वृत्तपत्रांत मात्र ते सर्रास आढळते.

‘असे’ने मिटणाऱ्या वाक्यातही इंग्रजीचे अनुकरण जरूरीपेक्षा अधिक झाले आहे. “मी उद्या येईन,” असे तो म्हणाला, यातील स्वल्पविराम इंग्रजी वळणाचा आहे. इंग्रजीत अवतरण आणि ‘तो म्हणाला’ यांना जोडणारा शब्द नाही, म्हणून तेथे स्वल्पविराम लागतो. मराठीत तो सांधा ‘असे’ या शब्दानेच जोडलेला आहे; तेथे चिन्ह न दिल्यास काही बिघडत नाही. जेथे ‘असे’ नाही, उदा., “मी उद्या येईन,” तो म्हणाला, तेथे स्वल्पविराम आवश्यक आहे.

विभक्तिप्रत्ययांचा प्रश्न तर इंग्रजीत उद्‌भवतच नाही. देवनागरी मुद्रणात तिरप्या टंकाचा वापर कमी असल्याने ग्रंथांची व नियतकालिकांची नावे पुष्कळदा एकेरी चिन्हांत देतात आणि प्रत्यय चिन्हाबाहेर जोडतात : ‘केसरी’त, ‘ज्ञानेश्वरी’ने. ही नावे प्रत्ययापूर्वी बदलत नाहीत, म्हणून येथवर ठीक चालते. दासबोध हे नाव घेतले की सामान्यरूप आड येते. ‘दासबोधा’त असे लिहिल्यास चिन्हांच्या आत जे आहे ते ग्रंथाचे नाव नव्हे, ‘दासबोध’त असे लिहिल्यास नाव शाबूत राहते पण मराठी बिघडते. ‘मध्ये’ हे शब्दयोगी अव्यय लावूनही सामान्यरूप टळत नाही. ‘दासबोध’ या ग्रंथात अशी रचना केली म्हणजे दोन्ही अडचणी सुटतात, परंतु दर वेळी तसे लिहिणे कंटाळवाणे होते, म्हणून बहुतेक लेखक ‘दासबोधा’त हाच प्रयोग करतात व वाचकही तो निमूटपणे स्वीकारतात. नावाला चिन्हेच न देता केवळ वेगळ्या टंकात छापणे किंवा साधे दासबोधात असे लिहिणे, हा तिसरा मार्ग काही प्रकाशनांनी पत्करला आहे.

न्यायालयातील महत्त्व : कोणाचे शब्द कोठे संपतात, हा प्रश्न न्यायालयात फार गंभीर होतो. साक्ष सामान्यतः प्रश्नोत्तरांच्या रूपात न लिहिता कथनाच्या रूपात उतरून घेतात. त्या कथनातील ‘मी’ हा साक्षीदार असतो, पण त्याने दुसऱ्याचे बोलणे सांगितले की त्याच कागदावर दुसरा ‘मी’ येतो. मराठीत सर्वनाम बदलत नसल्याने वर दाखविलेला घोटाळा येथे प्रत्यक्षात उद्‌भवू शकतो. मृत्युपूर्व जबाबात तर शक्यतो मरणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे उतरून घेणे अपेक्षित असते, कारण खुलासा विचारण्यास तो माणूस पुढे उपलब्ध नसतो.

अवतरण देणाऱ्यावर अवतरणाची जबाबदारी किती, हा प्रश्न १८९७ मध्ये महाराष्ट्रापुढे ठळकपणे आला. केसरीच्या १५ जून १८९७ च्या अंकात पुण्यातील शिवराज्याभिषेकोत्सवात झालेल्या भाषणांचा वृत्तान्त व ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता प्रसिद्ध झाली होती. कवितेत शिवाजी महाराज बोलतात, वृत्तान्तात व्याख्याते बोलतात. त्या व्याख्यात्यांत बाळ गंगाधर टिळक स्वतःही होते. संपादक या नात्याने त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला आणि १८९७ च्या सप्टेंबरमध्ये न्या. स्ट्रेची यांनी त्यांना अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा दिली. दुसऱ्याच्या तोंडचे शब्द छापल्याने संपादकाची सुटका झाली नाही. १९०८ च्या खटल्यात टिळकांनी आपल्या मराठी लेखांची जी इंग्रजी भाषांतरे न्यायालयापुढे ठेवण्यात आली, त्यांतील शब्दांवर दीर्घ आक्षेप घेतले. भाषांतरित अवतरण हे मूळ वक्त्याचे शब्द मानावेत की भाषांतरकाराचे, असा तो वाद होता. मराठी भाषण इंग्रजी वृत्तपत्रात चिन्हांत छापलेले दिसते तेव्हा हाच प्रश्न आजही लागू असतो, कारण त्या चिन्हांमधील एकही शब्द वक्त्याने उच्चारलेला नसतो.

मुद्रण व संगणक : खिळ्यांच्या छपाईत स्वल्पविरामाचा खिळा उलटा बसवून उघडणारे चिन्ह तयार करीत, इंग्रजीतील ‘उलटे स्वल्पविराम’ या अर्थाचे नाव त्यावरूनच पडले. देवनागरीत ही चिन्हे शिरोरेषेच्या वर येत असल्याने वेलांटी, मात्रा व रफार यांच्याशी त्यांची टक्कर होते आणि जुळाऱ्याला मध्ये बारीक फट ठेवावी लागे. टंकलेखन यंत्राने उघडणारे व मिटणारे चिन्ह एकच केले. सरळ उभ्या रेघांची ही चिन्हे संगणकाच्या कळफलकावरही तशीच आली. युनिकोड या संकेतप्रणालीत देवनागरी विभागात दंड व दुहेरी दंड यांना स्वतंत्र स्थाने आहेत, अवतरणचिन्हांना नाहीत. ती सर्व लिप्यांसाठी समाईक ठेवलेल्या चिन्हांतून घ्यावी लागतात. सरळ चिन्हांचे वक्र चिन्हांत आपोआप रूपांतर करणाऱ्या आज्ञावली पुढेमागे असलेली मोकळी जागा पाहून चिन्हाची दिशा ठरवितात. ‘दासबोधा’त यासारख्या शब्दात मिटणाऱ्या चिन्हानंतर लगेच अक्षर येते, आणि इंग्रजीसाठी घडविलेल्या काही आज्ञावली अशा ठिकाणी चकतात; असा मजकूर छपाईपूर्वी डोळ्यांखालून घालावा लागतो. [⟶ मुद्रितशोधन, मोडी लिपी, विरामचिन्हे].